स्टोरातली बाई

मुलुंडच्या त्या स्विच बनवायच्या कारखान्यात, स्टोररूममध्ये एक बाई असते, असं नव्या पोरीला पहिल्याच आठवड्यात सांगायची रीत होती. एकटी गेलीस तर मागून गळ्यात हात घालते, म्हणायचं. बाईबिई काही नव्हती. होता तो सुपरवायझर गुळवे. पण त्याचं नाव घेईल तिला 'ब्रेक' मिळायचा, म्हणजे टेंपररी बाईला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगायचे. वर युनियनचे पुढारी ऐकवायचे, पदर नीट घेत जा. तेव्हा पॅकिंगच्या बायकांनी भूत उभं केलं. भुताचं नाव घेतलं म्हणून कोण ब्रेक देणार?

हे भूत प्रथम पॅकिंगमधल्या प्रेमाने सांगितलं होतं. देवगडकडची, नवऱ्याची गिरणी संपात बुडाली तशी कामाला लागलेली, तोंडाची फटकळ. पण त्याच्या आदल्या दिवशी आपण स्वतःच स्टोरातून आलो, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. फुटलेल्या बांगड्यांचं कारण नवऱ्याने विचारलं, तेव्हाही मशीनवर हात आपटला म्हणाली होती. पुढे तोंडातोंडी भूत वाढलं. आताशा कुलूपबंद स्टोरात कुणीतरी हुंदका दिल्याचं ऐकू यायचं, आणि प्रेमाच्याच अंगावर काटा यायचा. आपण रचलेलं आपल्यालाच कसं ऐकू येतं, हे तिला कळेना.

यंदा जया आली. विक्रोळीच्या चाळीतली, नुकती मॅट्रिक झालेली, कामाला चलाख. प्रेमाने तिलाही बाई सांगितली.

जया खळखळून हसली. "मावशी, आमच्या घरी बुद्धाची नि बाबासाहेबांची तसबीर आहे. भूतबीत आम्ही नाय मानत. उलट मीच बघून येते ना तुमची बाई!"

प्रेमा गारच पडली. घाबरणाऱ्या पोरींसाठी केलेली युक्ती या न घाबरणारीला सरळ खड्ड्यात घालत होती.

खंडेनवमीला सकाळी मशिनी पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. मोठ्या प्रेसपुढे पाट मांडला. जाता जाता गुळवे जयाला म्हणाला, "पूजा झाली की स्टोरात ये. खोकी लावायचीयत."

"हो सर."

प्रेमाने तिला बाजूला ओढलं. "जाऊ नको गं."

"का? परत तुमची बाई?"

तोंडाशी आलेलं प्रेमाने गिळलं. इतकी वर्षं गिळायचीच सवय. तिला स्वतःचा विलक्षण संताप आला.

तेवढ्यात मालवणच्या म्हाताऱ्या धाकू फिटरने नारळ हातात घेऊन देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. दर वर्षी तोच घालायचा, आणि त्याच्या प्रत्येक मागणीला सगळं खातं हात जोडून होकार द्यायचं. देशावरचे, भय्ये, मॅनेजर, सगळे. शब्दांकडे लक्ष देतो कोण? डोळे प्रसादाकडे असतात, तोंड आपलं हो म्हणत राहतं.

"मशिनीत कोणाचो हात अडकाक नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

धाकू दम खायला थांबला. प्रेमाने त्याच्या हातातला नारळ काढून घेतला. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण तिचा बाप गावात हेच करायचा, चाल तिच्या कानात होती.

"ह्या स्टोरात जी जी चेडवां एकटी बोलावली, तेंच्या अंगाक गुळवे सायबान हात लावलो, ता तू बघितलंस, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या जयाक बोलावल्यान हा. ता जावचा नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मॅनेजर म्हणाला. हात जोडून उभा असलेला गुळवेही म्हणाला.

मग शब्द डोक्यात शिरले आणि खातं चिडीचूप झालं. त्या शांततेत, बंद स्टोराच्या आतून, एकटाच मागे राहिल्यासारखा एका बाईचा बारीक आवाज आला. "व्हय म्हाराजा." मग दुसरीचा. मग पुष्कळजणींचा.

"आत कोण आहे?" मॅनेजरने विचारलं.

"कु... कुणी नाही, सर. कुलूप आहे."

"उघडा."

गुळवे जागचा हलेना. चावी त्याच्या मुठीत होती. जयाने ती काढून घेतली, कुलूप उघडलं आणि दार ढकललं.

आत चिटपाखरू नव्हतं. फक्त खोक्यांची थप्पी भिंतीपासून सरकली होती, आणि तिच्यामागे, जिथे झाडू कधी पोचला नव्हता तिथे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे पडले होते. हिरवे, लाल, चॉकलेटी, कितीतरी हातांचे. जयाने वळून प्रेमाकडे पाहिलं. आता ती हसत नव्हती.

"कचरा आहे, सर," गुळवे पुटपुटला.

दाराशी सगळं खातं जमलं होतं. बोललो तर ही गोष्ट संध्याकाळच्या आत नवऱ्यापर्यंत पोचणार, हे प्रेमाला पक्कं ठाऊक होतं. तरी ती आत गेली. खाली बसून तिने एक हिरवा तुकडा उचलला.

"ही माझी," ती म्हणाली.

मग पॅकिंगची द्रौपदी गर्दीतून पुढे आली आणि वाकली. "ही माझी." तिच्यामागून मालन आली. तिच्यामागून आणखी बायका. जया दार धरून उभी राहिली, आणि बाहेर पडायला गुळव्याला कुणी वाट दिली नाही.