सलगमच्या बदल्यात सलगम

झाकण उचलल्याबरोबर शिफ्राला कळलं की हे भांडं आपलं नाही. आत सलगम होता. नुसता सलगम, आणि त्याला सोबत म्हणून पाणी.

तिच्या भांड्यात घेवड्याचे दाणे होते, दोन बटाटे होते आणि वासराच्या नळीचं एक हाड होतं, मगजासकट. आईची पिसांची रजई देऊन तिनं ते मिळवलं होतं. तिच्या लेकीचा, टायब्लाचा, टायफसचा ताप उतरला होता, पण नऊ वर्षांची पोर भिंत धरूनही उभी राहत नव्हती. ज्यूंना कोंडलेल्या या घेट्टोतल्या डॉक्टरांनी औषध म्हणून हाडाचा रस्सा सांगितला होता. तो कुठं मिळतो, ते त्यांच्या अभ्यासक्रमात नसावं.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत साऱ्या गावाची भांडी झेलमान भट्टीवाल्याकडे जायची. तो भट्टीचं तोंड मातीनं लिंपायचा आणि शनिवारी प्रार्थना आटोपली की फोडायचा. रात्रभर मुरून तपकिरी झालेला दाण्याबटाट्यांचा चोलंट मग घरोघर जायचा. पूर्वी प्रत्येकाचं भांडं तांब्याचं असे आणि पोच्यांवरून ओळखू येई. पुढं जर्मनांना तांबं हवं झालं. आता सगळ्यांकडे एकाच दुकानातली करडी इनॅमलची भांडी. शिफ्रानं खूण म्हणून कानाला चिंधी बांधली होती. ती जळून गेली. पूर्वी तिथं पितळी बिल्ला असायचा, पण जर्मनांना पितळही आवडायचं.

भांडं उचलून ती परत भट्टीवर निघाली. शब्बाथला हद्दीबाहेर ओझं नेऊ नये असा नियम आहे. ती हद्द नेमकी कुठपर्यंत, यावर गावातले दोन पक्ष तीन पिढ्या भांडले होते. जर्मनांनी काटेरी कुंपण घातलं आणि वाद मिटला.

"झेलमानभाऊ, माझं भांडं बदललं."

"काय होतं तुझ्यात?"

शिफ्रानं आजूबाजूला पाहिलं. वासरू तळघरात गुपचूप कापलेलं. जर्मनांना कळलं तर कापणाऱ्याला गोळी, घेणाऱ्यालाही. भट्टीपाशी तिघी बायका उभ्या होत्या आणि त्यांतल्या एकीचा मेहुणा जर्मनांनी नेमलेल्या ज्यू कौन्सिलचा पोलीस.

"सलगम," शिफ्रा म्हणाली.

"आणि हातातल्यात?"

"सलगम."

झेलमाननं कपाळावरची राख पुसली. "म्हणजे सलगमच्या बदल्यात सलगम हवाय तुला."

"माझा वेगळा होता."

"काय, शिकलेला होता का गं?" पोलिसाची मेहुणी म्हणाली. बाकीच्या दोघी हसल्या.

"हे बघ शिफ्रा," झेलमान म्हणाला, "भट्टीतून जे भांडं हाती येईल ते आपलं, शब्बाथला त्यावरून भांडायचं नाही. हा नियम कुणी करून घेतला धर्मगुरूंकडून, रब्बींकडून? तुझ्या वडिलांनी. लाकडाच्या व्यापाऱ्याकडची भरलेली बदकाची मान तुमच्या घरी आली होती, त्या वर्षी."

शिफ्राला ती मान आठवत होती. चवही आठवत होती. वडिलांचा तिला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता.

कौन्सिलच्या कचेरीत जर्मनांच्या हुकमानं शनिवारीही एक माणूस बसायचा. तक्रार लेखी हवी, असं त्यानं सांगितलं.

"मग लिहून घ्या."

"आज शब्बाथ. मी लिहीत नाही."

"बरं, उद्या?"

"उद्या रविवार. कचेरी बंद. सोमवारी या आणि हरवलेली वस्तू सोबत आणा."

"हरवलेली?"

"ओळख पटवायला नको का, बाई?"

मग ती दारोदार हिंडली. पहिल्या दारातल्या म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, शिफ्राच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि दार लावलं. दुसऱ्या घरी जेवण उरकलं होतं. मुलं भांडं चाटत होती, पण इतकी चिडून, की त्यात हाड असणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या दारात नवराबायको आधीच भांडत होती. नवऱ्यानं शिफ्राच्या भांड्यात डोकावून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "बघ, हिच्यात मीठ तरी दिसतंय."

ती घरी आली तेव्हा दारात एक बाई उभी होती. डोक्यावर हॅट, हातात मोजे, आणि मोज्यांत करडं भांडं. या डॉक्टरीणबाई लिलियनफेल्ड. व्हिएन्नातून हाकललेल्या लोकांची आगगाडी मंगळवारी आली होती, तिच्यातून उतरलेल्या. घरमालकिणीनं सांगितलं म्हणून त्यांनीही काल भांडं भट्टीवर धाडलं होतं. चार दिवसांत माणूस नीट भूक शिकत नाही.

"माफ करा, दारोदार भांडं शोधत हिंडताय त्या तुम्हीच ना? आपल्या भांड्यांची अदलाबदल झालेली दिसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं जेवण बिचारं पार करपलं होतं हो. अगदी तपकिरी! मी टाकून दिलं. भांडं मात्र राखेनं घासून आणलंय."

भांडं खरोखर चकचकीत होतं. दुकानात होतं तेव्हाही इतकं चकचकीत नसेल.

"कुठं टाकलंत?" शिफ्रानं विचारलं. आवाज आपलाच आहे का, याची तिला शंका आली.

"मागच्या उकिरड्यावर. का? काही चुकलं का माझं?"

शिफ्रानं आपल्या हातातलं भांडंही त्यांच्या हातात कोंबलं आणि ती धावली.

मार्चचा बर्फ वरून घट्ट होता. दाण्यांचा गोळा पडल्या जागी गोठला होता, हाड त्यात अर्धं रुतलेलं. घेट्टोत कुत्री उरली नव्हती, हे तिला पहिल्यांदाच बरं वाटलं. शब्बाथच्या चांगल्या झग्यात ती गुडघ्यांवर बसली आणि नखांनी खरवडू लागली. भट्टी बंद करून घरी निघालेला झेलमान कुंपणापाशी थांबला.

"अगं, काय शोधतेस?"

शिफ्रानं हाड ओच्यात दडवलं. "सलगम."

टोपी नीट करून झेलमान आपल्या वाटेनं गेला.

आजाऱ्यासाठी चूल पेटवायला शब्बाथचीही हरकत नसते. शिफ्रानं खुर्चीचा पाय मोडून चुलीत घातला, हाड आणि मातकट दाणे धुऊन चकचकीत भांड्यात उकळायला ठेवले आणि सलगमचं भांडंही शेजारी चढवलं. हाडात मगज अजून होता, निम्मा तरी. डॉक्टरीणबाई हॅट न काढता खाटेच्या कडेला बसून होत्या. त्यांना त्यांचा सलगम न्यायचा होता, पण आता दोन्ही भांडी उकळत होती आणि उठून जावं कसं, हे त्यांना सुचत नव्हतं.

"हे नेहमीच असं तपकिरी असतं?" त्यांनी विचारलं.

"नेहमीच."

"मला कुणी सांगितलं नाही हो."

पहिला पेला शिफ्रानं टायब्लाच्या ओठांशी धरला. पोरीनं एक घोट घेतला. तापानं तिच्या जिभेची चव केव्हाच नेली होती. तिनं तोंड वाकडं केलं.

"आई, पुन्हा सलगमच?"

शिफ्रानं एकदा खाटेवरच्या हॅटकडे पाहिलं, एकदा पातळ भिंतीकडे. भिंतीपलीकडे पोलिसाची मेहुणी राहायची.

"हो," ती म्हणाली. "सलगमच आहे. पी."