माळ्याच्या खिडकीतून

"ये एकदा. चित्र पाहिलं मी," गर्ट्रूडमावशीने फोनवर एवढंच सांगितलं.

भाईंदर पश्चिमेच्या फ्लॅटमधून निघून मावशीच्या समुद्रकाठच्या पाली गावात पोचेपर्यंत एल्सा सबबी जुळवत राहिली. चित्र तिने स्वतःच्याच अकरा वर्षांपूर्वीच्या एका रेखाटनावरून काढलेलं. अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांखाली एक बाई गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. गेल्या महिन्यातल्या प्रदर्शनात तेच सगळ्यात गाजलं. मावशीच्या मुलाने, ॲलनने, ते मोबाइलवर आईला दाखवलं होतं.

आई गेल्यावर एल्सा मावशीकडेच वाढली. बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून बांबूवर टांगायच्या, आभाळ भरून आलं की धावत काढायच्या, हे तिचं लहानपण. एक जोडी तिरकी टांगलेली मावशीला खपायची नाही. पुढे कॉलेजात सरांनी विचारलं, "ही रेघ कुठून आणलीस?" तेव्हा ती म्हणाली होती, "मावशीच्या अंगणातून." ते खरंच होतं. तिचे रंगही तिथलेच, खाऱ्या वाऱ्याने विटलेलं निळं आणि सुकत्या मासळीचं पिवळट रुपेरी. शहरातलं काही काढायला बसली तरी हात पालीकडेच वळायचा.

मावशी अंगणात बांबूवरचे सुकलेले बोंबील काढत होती. तिने वर पाहिलं, पण नेहमीसारखं "आलीस गो" म्हटलं नाही.

"ते चित्र माळ्याच्या खिडकीतून हाय," ती म्हणाली. "खालून मी तशी दिसत न्हाय."

एल्साने माळ्याच्या खिडकीकडे पाहिलं.

"तुझ्या मावसाची होडी त्याच्याशिवाय परत आली, त्या दिवसाचं ना?"

"हो."

"सगळे बंदरावर धावले. माझे पायच उचलेनात. मी तुला हाक मारली. दोनदा मारली. वाटलं, तूबी त्यांच्यासंगती गेलीस." मावशीचा हात बांबूवर थांबला. "म्हणजे तू घरात व्हतीस."

वाटेत जुळवलेल्या सबबी एल्साने सोडून दिल्या.

"माळ्यावर होते," ती म्हणाली. "दोन्ही हाका ऐकल्या. खाली आले असते तर तू हलली असतीस. तुझ्या पाठीचा तो बाक मला पुन्हा मिळाला नसता. कागद पुरा केला, मागच्या दाराने बाहेर पडले आणि बंदरावरून आल्यासारखी अंगणाच्या दाराने आत आले."

"आणि माझ्या गळ्यात पडून रडलीस."

"ते खरं होतं, मावशी."

"असंल." मावशी पुन्हा बोंबील काढू लागली. मग शेजारणीला काही सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "अकरा वर्सं मी लोकांना सांगते, पोर नेमकी घरात नव्हती. असती तर पहिली तीच धावली असती."

एल्सा ओट्यावर टेकली. "ते विकलं गेलंय. पण मी ते परत मागून आणते. पुन्हा कुणाला दाखवणार नाही."

"कशाला? चित्रात खोटं काय न्हाय. मी तशीच बसले व्हते." मावशीने एक जोडी सोडवून टोपलीत टाकली. "तू दारातून खोटी आलीस."

पुढे तिने काही विचारलं नाही, माफही केलं नाही. दुसरी टोपली पायाने एल्साकडे सरकवली. एल्सा उठली आणि पलीकडच्या टोकाने बोंबील काढू लागली. बोटांना सगळं पाठ होतं. ऊन कलत होतं. काढता काढता तिची नजर मावशीच्या मनगटावर गेली. शिरा वर आलेल्या, वयाने कातडी सैल झालेली, आणि बांबू मात्र तसाच घट्ट धरलेला. कागदावर ही रेघ कुठून सुरू करायची, हे तिच्या मनात उमटूनही गेलं.

तिने चटकन मान खाली घातली. अंगणातलं काम संपेपर्यंत ती वर केली नाही.