बटण सगळीकडे, मी मात्र कोंडलेला

मित्रांनो, मी एक जुना मॅक्रो आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. संगणकावरच्या तक्त्यांत तीच ती कामे पुन्हा पुन्हा करावी लागतात. कोणीतरी ती संगणकाला एकदा नीट शिकवून ठेवते आणि मग एक बटण दाबले की सगळी भराभर होतात. त्या शिकवून ठेवलेल्या कामाला मॅक्रो म्हणतात. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि चहाची सुट्टीही नाही.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या कचेरीत झाला. खोली जिन्याखाली होती. तिला एकच खिडकी, तीही औषधांच्या रिकाम्या खोक्यांनी अर्धी झाकलेली. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे तक्तेबाई म्हणत, कारण सगळ्या परिचारिकांच्या पाळ्यांचा तक्ता त्याच करत. रात्रपाळी करून आलेलीला लगेच सकाळी उभे करायचे नाही, हा त्यांचा कडक नियम. पाळ्या आणि रजा हाताने जुळवता जुळवता त्यांच्या नाकी नऊ येत. शेवटी त्यांनी ते सारे मला शिकवले. चुकले तिथे खोडले, पुन्हा शिकवले. त्यांच्याइतका चिवट गुरू मला दुसरा मिळाला नसता.

शिकवणी सुरू करतानाच संगणकाने त्यांना विचारले होते, की हा मॅक्रो कुठे ठेवू, या फाइलमध्ये की तुमच्या खाजगी साठवणीत? आपली वस्तू आपल्याजवळ बरी, असे वाटून त्यांनी ‘खाजगी’ निवडले. तिथेच माझे नशीब फिरले. ही खाजगी साठवण म्हणजे एक लपलेली फाइल असते. ती त्या एकाच संगणकावर उघडते आणि उघडली तरी दिसत नाही. मी त्या कप्प्यात जाऊन पडलो.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. परिचारिकांच्या प्रमुख मेट्रनबाई म्हणाल्या, “असा तक्ता आम्हा सगळ्या विभागांना द्या की.” तक्तेबाईंनी आनंदाने तक्त्याची फाइल, बटणासकट, कचेरीच्या नेटवर्कवरून सगळ्यांना पाठवली. बटण गेले. मी मागेच राहिलो. लग्नाच्या पत्रिका गावभर वाटल्या आणि नवरदेव खोलीत कुलूपबंद, अशातली गत. जो तो बटण दाबी आणि संगणक उत्तर देई, ‘मॅक्रो सापडत नाही.’

“तक्तेबाई, आमचं बटण बिघडलंय. तुमच्याकडं दाबून देता का?” असे म्हणत जो तो जिन्याखाली येऊ लागला. दुसऱ्याच्या नावाने संगणक उघडायला तिथे सक्त मनाई होती. म्हणजे दाबणाऱ्या बाईच हव्यात, आणि संगणकही त्यांचाच हवा. आधी आम्हा दोघांना याचा अभिमान वाटे. आपल्यावाचून पान हलत नाही, हे ऐकायला कोणाला आवडत नाही? पण बाई तापाने फणफणल्या तरी बटण दाबायला येऊ लागल्या, तेव्हा मला कळले की कोंडलेला मी एकटा नाही. सगळ्यांना नवे संगणक आले. आमचा तेवढा जुनाच राहिला. त्याच्या कपाळावर चिठ्ठी होती, ‘हलवू नये.’ ती चिठ्ठी बाईंनाही लागू होती, हे मात्र कोणी बोलून दाखवले नाही.

मग एके दिवशी बाईंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. या बहिणीनेच त्यांना लहानाचे मोठे केले होते. ती परगावी एकटी राहायची. पुढच्या आठवड्यात तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती आणि नंतर दिवसातून कितीतरी वेळा डोळ्यात थेंब घालायला कोणीतरी हवे होते.

बाई कचेरीच्या साहेबांकडे रजा मागायला गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, “जा की. पण तक्ता?”

“बटण दाबलं की येतो, साहेब.”

“तुमच्याच संगणकावर येतो ना? मग तुम्हालाच थांबायला हवं. सिस्टर लोकांनी कुठं उभं राहायचं?”

बाईंनी परत येऊन फोन लावला. “ताई, थोडं पुढं ढकलता येईल का गं?”

“डोळा आहे तो,” पलीकडून ताई म्हणाली. “पाहुणा नाही, पुढच्या महिन्यात ये म्हणायला.” मग तीच म्हणाली, “राहू दे. मी बघते कोणीतरी.”

बाईंनी फोन ठेवला आणि पुढच्या आठवड्याचा तक्ता उघडला. मी आत तडफडत होतो. अहो, तुम्हाला मीच अडकवले आहे आणि मी इथेच आहे, तुमच्या हाताखाली, असे ओरडावेसे वाटत होते. पण बटण दाबल्याशिवाय मला हूं की चूं करता येत नाही.

शेजारच्या टेबलावर टपाल बघणारी बाई बसे. तिने सगळे ऐकले होते. तिने विचारले, “तक्तेबाई, बटण माझ्याकडं येतं. पण ते दाबल्यावर राबणारा कुठं राहतो?”

“फाइलमध्येच की.”

“मग माझ्याकडच्या फाइलमध्ये का नाही?”

तक्तेबाईंनी शोधले. “अगंबाई, हा तर माझ्याच कप्प्यात बसलाय.” काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

त्यांनी मला उचलून सामायिक फोल्डरमधल्या एका तक्त्यात ठेवले. मी मोकळा श्वास घेणार, तोच वरच्या मजल्यावरच्या कारकुनाने तो तक्ता उघडला आणि तसाच उघडा टाकून तो जेवायला गेला. बाकीच्यांना उत्तर आले, ‘फाइल वापरात आहे. पाहता येईल, बदल साठवता येणार नाहीत.’ लहान कोठडीतून मी मोठ्या कोठडीत आलो होतो. साहेब म्हणाले, “बघा, मी म्हणत होतो.” ताईची तारीख तोंडावर आली होती.

पण बाई आता हटेनात. “तक्ते ज्याचे त्याच्याकडं,” त्या म्हणाल्या. “हा मॅक्रो एकटाच सामायिक ठेवायचा. वापरायचा सगळ्यांनी, बदलायचा कोणी नाही.” संगणक विभागाने सगळ्या संगणकांना त्या फोल्डरवर भरवसा ठेवायला परवानगी दिली. माझा पत्ता प्रत्येक संगणकाला एकदा सांगून झाला. माझ्या डोक्यावर बाईंनी साध्या भाषेत लिहिले, की हा काय करतो आणि अडला तर काय करायचे. मग टपालवालीने आपल्या संगणकावर बटण दाबले.

“आला,” ती म्हणाली.

बाईंनी तक्ता नीट तपासला. मग त्यांनी नावांच्या शेवटी एक ओळ वाढवली आणि तिथे स्वतःचे नाव घातले. मी इतकी वर्षे सगळ्यांच्या रजा मांडल्या, पण बाई परिचारिका नव्हत्या, म्हणून त्यांचे नाव माझ्या तक्त्यात कधी आलेच नव्हते. टपालवालीने पुन्हा बटण दाबले आणि मी त्या नावापुढे पहिल्यांदा ‘रजा’ लिहिले. लिहिताना मला फार बरे वाटले.

आता जिन्याखालची ती खुर्ची रिकामी आहे. जुना संगणक बंद आहे. काल बाईंचा फोन आला होता. “तक्ता निघाला का?”

“निघाला,” टपालवाली म्हणाली. “तुम्ही थेंब घाला.”

मित्रांनो, तुम्हाला एखादे काम छान येत असेल, तर ते आपल्यापुरते कप्प्यात ठेवू नका. दुसऱ्याला शिकवा, समजेल असे लिहून ठेवा. नाहीतर त्या कप्प्याला बाहेरून कडी लागते आणि आत आपणच असतो. आणि तुमच्या घरी, शाळेत, सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवणारे कोणीतरी असेलच. त्यांचे नाव तुमच्या तक्त्यात आहे का, ते आजच पाहा.