भुतांची छाननी

"तनू!"

लोणी काळभोरच्या उसात, भर दुपारी बारा वाजता गावातल्याच ऋषीने मारलेली हाक. वारा पडलेला, तुरे उभे, आणि त्या एका हाकेने सगळं रान कान टवकारून बसलेलं. सोळा वर्षांची तनुजा विहिरीवरच्या पंपाच्या खोलीमागे होती. आवाज ओळखीचा होता. म्हणूनच ती गप्प राहिली. बायडाआत्याने बजावलं होतं, "भूत वळखीच्या आवाजात बोलवतं, पन एकदाच. मानूस हाय का बघायचं आसंल तर तिसऱ्या हाकेपातूर दम धरायचा."

ऋषीने दुसरी हाक मारलीच नाही. तो पुण्याला शिकायला निघून गेला. ही इथेच आहे आणि मुद्दाम ओ देत नाही, असं मनात धरून. काय सांगायला आला होता, तेही राहून गेलं.

खुलासा करायला अकरा वर्षं मिळाली. पण "मला तू भूत वाटलास" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? माजोरडी म्हटलेलं तनुजाला चालत होतं. भित्री म्हटलेलं चाललं नसतं.

आता २००७ साली दोघं हडपसरच्या एकाच कंपनीत, एकाच टेबलाला समोरासमोर. बोलणं कामापुरतं. आणि येत्या रविवारी ऋषी कात्रजला मुलगी बघायला जाणार होता. सांगायचं तर आत्ता, नाहीतर मग जन्मभर गिळून बसायचं.

परदेशातल्या ग्राहकाला मोबाइलच्या खेळासाठी भुतं हवी होती, काही त्यांची, काही आपली. टीम लीड तेजस, मूळचा अमरावतीचा, फळ्यापुढे मार्कर घेऊन उभा राहिला; कोणतं भूत किती भीती घालतं, त्याला दहापैकी गुण द्यायचे होते.

"पहिला, रक्त पिणारा सरदार."

"कपडे कडक इस्त्रीचे," ऋषी म्हणाला, "आणि आत या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही."

"मग पुण्यात दारातच वाळून जाईल बापा! मला घरमालकानं दोन वर्षांत आत या म्हटलं नाही. पुढचा. पौर्णिमेला लांडगा होणारा."

"महिन्यातून एक दिवस काम, बाकी बेंचवर रिकामा. पगार मात्र पूर्ण."

"पट्ट्या गुंडाळलेला मुडदा?"

"ती मीच की," तनुजा म्हणाली. "रोज सकाळी तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटरवर येते ती."

ऋषीला हसू आलं. त्याने ते पाण्याच्या बाटलीत बुडवलं.

"मढ्यांचे तुकडे शिवून केलेला? वीज सोडली की उठतो."

"लोणीत उठायचा नाही," ऋषी म्हणाला. "आठ तास लोडशेडिंग."

मग आपली भुतं आली. हडळीची पावलं उलटी, म्हणजे चित्रकाराचं काम सोपं, पावलं नुसती फिरवायची. मुंज्याचं लग्न राहिलेलं, म्हणून पिंपळावर मुक्काम. "ऋषी त्यातून सुटला," तेजस म्हणाला. "रविवारी पोहे खाऊन येतो."

तनुजाच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला ती वाकली, आणि टेबलाखालूनच बोलली, "अजून एक आहे. हाक मारणारं भूत. ओळखीच्या आवाजात बोलावतं. एकदाच."

"यात भ्यायचं काय?" ऋषीचा आवाज कोरडा झाला. "ओ द्यायची नाही, विषय संपला. काही लोकांना तशी सवयच असते."

"किती गुण देऊ?" तेजसने विचारलं.

"शून्य," ऋषी म्हणाला.

"दहा," तनुजा वर येत म्हणाली.

"काहून?"

तिने तेजसकडे बघितलंच नाही. "ऋषी, त्या दुपारी मी खोलीमागेच होते. तुझी हाक ऐकली मी. मला वाटलं, भूत आहेस."

फळ्यावरचा मार्कर जागीच थांबला. ऋषी खो खो हसत सुटला, इतका की शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या.

"अगं, अकरा वर्षं मी तुला माजोरडी समजतोय, आणि तू नुसती भित्री निघालीस?"

"निघाले," तनुजा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण ती थांबली नाही. "आणि अजून एक ऐक. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं, असं आत्या म्हणायची. मी दुसरीलाच आले असते."