दहा मिनिटं पुढं

मी लातूरच्या एका कोचिंग क्लासचा सर्व्हर बोलतोय. बेंगळुरूहून शिकून इथले संगणक सांभाळायला आलेल्या उजमाला वाटलं होतं, मी काचेच्या थंडगार खोलीत असेन. भेटलो जिन्याखाली, झाडू आणि पाण्याच्या जारच्या मधे. तिनं आधी ओढणीनं माझी धूळ पुसली.

"सर, पाचशे पोरांच्या परीक्षा यावर चालतात?"

"चालायल्यात तवर हात लावायचा न्हाई, बेटा," केरबा सर म्हणाले. भूकंपात गाव गेल्यावर पत्र्याच्या शेडात बारा पोरांवर त्यांनी क्लास उभा केलेला. आता तीन मजले.

उजमानं हात लावलाच. शनिवारी दुपारी माझं सॉफ्टवेअर नवं केलं आणि चाकूर शाखेचे संगणक मला जोडलेच जाईनात. रविवारी नऊला परीक्षा. तिथल्या सतरा मुली याही वेळी मागं पडल्या, तर शाखा बंद, असं सरांनी बजावलं होतं.

तिनं मला चारदा बंद-चालू केलं, वायरी बदलल्या, सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. मी नुसता पंखा गरगरवत राहिलो. शेवटी तिनं माझ्या नोंदी वाचल्या: 'वेळ जुळत नाही.'

तिच्या मनगटावर चार वीस. माझ्यात साडेचार.

"मीच लावलंय," सर हसले. "आपली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं. पोरं उशीर करत न्हाईत."

उजमा हसली नाही. तिनं जुने पेपर उघडले. माझ्या नऊला पेपर सुरू, माझ्या दहाला बंद. लातूरची पोरं सरांच्या वेळेनं यायची. चाकूरच्या मुली खऱ्या नवाला बसायच्या, तोवर दहा मिनिटं सरलेली. तिथली शाखा सांभाळणाऱ्या तारामतीबाईंनी फोनवर सांगितलंही होतं, "सर, पेपर लौकर बंद व्हायलाय." सर म्हणाले होते, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

जुनं सॉफ्टवेअर वेळ ताडून बघत नव्हतं. नव्यानं बघितली आणि अडून बसलं. सहा परीक्षांत त्या मुलींचे पेपर मीच मिटले होते. माणसांनो, तुम्ही द्याल ती वेळ आम्ही यंत्रं खरी धरतो. देताना जरा विचार करा.

रविवारी सकाळी सर आले. "घड्याळ नीट केलंस न्हवं? मग लाव परीक्षा. झालं गेलं सोड."

"आधी तारामतीबाईंना फोन लावा, सर. चूक आपली होती म्हणा. सहाही पेपर पुन्हा घेऊ म्हणा."

"आन् न्हाई लावला तर?"

नऊला सात मिनिटं होती. उजमानं की-बोर्ड बाजूला सारला आणि हाताची घडी घालून बसली.