काठीत जीव नाही

ऑरिनच्या गळ-काठ्यांच्या दुकानात शिरताना व्हर्लिनने टोपी काढली नाही. डोक्यावरचे केस अजून नीट परतले नव्हते, आणि जे परतले होते त्यांना केस म्हणायचं धाडस फक्त बरोबर आलेली त्याची बायको आर्डिस करायची. वॉलआय माशांचा मोसम उघडायला सहा दिवस उरले होते. गेल्या वर्षी मोसम उघडला तेव्हा तो इस्पितळात हाताला नळी लावून पडला होता. यंदा आजार गेला, डॉक्टरांनी पाठ थोपटली, पण घरी आलेला माणूस जिना चढला की पलंगाच्या कडेवर बसून राहायचा. थकवा असा, की बुटाची नाडी बांधायची तरी आधी मनाची तयारी करावी लागायची.

"आलास?" ऑरिन काउंटरमागून म्हणाला. "काठी परत करायला आला असशील."

"ही पण मेलेली आहे." व्हर्लिनने लांब पिशवी पुढे सरकवली. "हिच्यात जीवच नाही."

"दोन आठवड्यांत दोन काठ्या मेल्या तुझ्या हातात. हे दुकान आहे की दफनभूमी?"

वॉलआय हा मासा मोठा कावेबाज. गळाला हिसका मारणं त्याच्या स्वभावातच नाही. आमिषाची जळू तो चूळ भरावी तशी तोंडात घेतो आणि नाही आवडली तर थुंकून मोकळा होतो. तेवढ्या क्षणात दोरीतून काठीत आणि काठीतून बोटांत जे काही येतं, ते ज्याला कळलं त्याचा मासा. व्हर्लिनला ते पन्नास वर्षं कळत होतं. तळाशी खडी आहे की चिखल, हे तो नुसत्या बोटांनी सांगायचा. यंदा मात्र धक्क्यावर बसून बारक्या माशांसाठी गळ टाकून पाहिला, तर शेजारचा माणूस जुनाट काठीवर एकामागून एक मासे ओढत होता आणि याचं आमिष दर वेळी कुरतडलेलं परत येत होतं. म्हणजे काठी वाईट. असं त्याने आर्डिसला सांगितलं, ऑरिनला सांगितलं, आणि पहाटे जाग आली की स्वतःलाही सांगून पाहिलं.

"या वेळी पारख करूनच ने," ऑरिन म्हणाला आणि त्याने दुकानातली सगळ्यांत नाजूक, बारीकशी थरथरही पकडणारी काठी उतरवली. "आर्डिस, इकडे ये. गळा लागेल तुझा."

या भागात काठीची पारख अशीच करतात. टोक दुसऱ्याच्या गळ्याला लावायचं, त्याने तोंड मिटून घशातल्या घशात आवाज काढायचा, आणि घेणाऱ्याने काठीची मूठ धरून डोळे मिटायचे. चांगली काठी गळ्यातली थरथर थेट तळहातात आणून सोडते. व्हर्लिनने स्वतः अशा डझनभर काठ्या पारखल्या होत्या. आज हे आधी सुचलं असतं, तर त्याने आर्डिसला गाडीतच बसवून ठेवलं असतं.

"माझ्या आवाजाची कुणाला तरी गरज आहे," आर्डिसने टोक गळ्याला लावलं. "घरी कुणी ऐकत नाही. मीट डोळे."

व्हर्लिनने डोळे मिटले. चाऱ्याच्या माशांच्या टाक्यांचे पंप घरघरत होते, आणि धान्याच्या कोठारात चाळीस वर्षं काढल्यामुळे त्याचे कान तसेही अर्धे गेलेले. मूठ हातात आहे हे त्याला मघाशी दिसलं होतं म्हणून ठाऊक होतं. डोळे मिटले की हात मनगटाच्या अलीकडेच संपायचा. त्याने पुरेसा वेळ जाऊ दिला.

"हं," तो म्हणाला. "ही खरी काठी. अगदी स्वच्छ येतंय."

त्याने डोळे उघडले. आर्डिस टोक गळ्याला लावून तशीच उभी होती.

"मी आवाज काढलाच नाही, व्हर्लिन."

"मासे बघून येतो," असं पुटपुटत ऑरिन टाक्यांकडे गेला. इथली माणसं अशीच. दुसऱ्याचं दुःख उघडं पडलं की त्यांना हटकून काम आठवतं.

"परवा ओव्हनमधून हॉटडिशचं तापलेलं भांडं उघड्या हातांनी काढलंस," आर्डिस हळू आवाजात म्हणाली. "मी ओरडले तेव्हा कुठे खाली ठेवलंस. केव्हापासून आहे हे?"

"तिसऱ्या केमोपासून. डॉक्टर म्हणाले, काहींचं परत येतं. काहींचं नाही."

"डॉक्टरांना सांगितलंस. आणि मी कोण, शेजारीण?"

खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता व्हर्लिनकडे उरला नव्हता. तो आमिषाच्या फ्रीजला टेकला.

"इस्पितळात तू माझा हात धरून बसायचीस. तीनदा दाबायचीस."

"तूही दाबायचास."

"बघून दाबायचो. डोळे मिटलेले असले की नाही कळायचं."

"मला वाटायचं, झोप लागली."

"झोप कुठली! सांगितलं असतं तर तू हात धरायचं सोडलं असतंस. डोळे उघडले की तो धरलेला दिसायचा, तेवढंच होतं मला तिथे."

आर्डिसने बाहीला नाक पुसलं. "गाढवच आहेस तू. शेहेचाळीस वर्षं गाढवाबरोबर काढली मी." मग तिने त्याची बाही कोपरापर्यंत वर सारली. "कुठपर्यंत गेलंय? दाखव."

त्याने मनगटाच्या वर चार बोटं मोजून दाखवली. "इथून पुढे मी आहे."

"ऑरिन! मासे बघून झाले का?"

"झाले," उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

"लांब मुठीची काठी आहे का? कोपरापर्यंत पोचेल अशी?"

ऑरिनने कोपऱ्यातून धूळ खात पडलेली एक काठी आणली. "खरं सांगतो, ही तितकी नाजूक नाही. तीन वर्षांत कुणी हात लावला नाही हिला."

आर्डिसने कॉर्कची मूठ व्हर्लिनच्या उघड्या हाताला, कोपराजवळ टेकवली आणि टोक आपल्या गळ्याला लावलं. त्याने डोळे मिटले. बराच वेळ काहीच नाही. सवयीने तो पुन्हा हो म्हणणार होता. तेवढ्यात कोपराखाली बारीक थरथर आली. थांबली. पुन्हा आली. थांबली. पुन्हा.

"तीनदा," व्हर्लिन म्हणाला.

"बांध ही," आर्डिसने ऑरिनला सांगितलं.

बाहेर पडताना तिने सवयीने त्याच्या हाताकडे हात नेला, मधेच थांबली, आणि मग मनगटाच्या चांगलं वर, उघड्या कातडीवर त्याला घट्ट धरलं. गाडी काही लांब नव्हती. तरी वाटेत तो दोनदा दम खायला थांबला. दोन्ही वेळा तिने पकड सोडली नाही, आणि ते कळायला त्याला बघावं लागलं नाही.