आठ इंची तार

आकारामसमोर तारेचं नुसतं नाव काढलं तरी हल्ली त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आष्ट्यात उभा जन्म सायकलींची चाकं बांधण्यात गेलेला माणूस. त्याच्या हातचं चाक कधी डुलायचं नाही, अशी त्याची ख्याती. आणि तोच आता आठ इंची तारांसाठी दारोदार फिरत होता, आणि त्या काही केल्या मिळत नव्हत्या.

भानगड त्यानंच करून ठेवली होती म्हणा. त्याचा जिवाचा दोस्त बिराप्पा, शेरडांचा दलाल. लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, पण गडी हातानं पायडल मारायच्या तीनचाकीवर बसून सगळा बाजार पालथा घालायचा. दिवाळीत आकारामच्या डोक्यात आलं, पन्नाशी उलटली याची, आणखी किती दिवस हातानं ओढणार? झालं! विजेची मोटार बसवलेलं पुढचं चाक मागवलं, जुनं भंगारात घातलं, नारळ फोडला, पेढे वाटले आणि बिराप्पाला गाडीवर बसवून फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. महिनाभर गाडी सुसाट पळाली. मग त्या चाकाच्या तारा एकेक करून तुटायला लागल्या.

साध्या चाकाची तार फूटभर लांब असते. या चाकाच्या मधोमध ताटाएवढी मोटार, त्यामुळं तिथून रिमपर्यंत अंतरच उरत नाही. तार लागते आठ इंची, आणि तीही नेहमीपेक्षा जाड. चाक विकणाऱ्यांचा फोन आधी लागेना, नंतर बंदच झाला.

तिकडं बिराप्पाची दैना. भाचा इंद्रजित त्याला पोत्यासारखा उचलून मोटारसायकलवर घालायचा, बाजारात लिंबाखाली टेकवायचा आणि आपल्या कामाला निघून जायचा. एकदा टेकवला की बिराप्पा तिथंच. शेरडं पलीकडच्या कोपऱ्यात उतरायची, गिऱ्हाईक डोळ्यांदेखत दुसऱ्या दलालाकडं जायचं, आणि हा नुसता हाका मारत बसायचा. असंच चाललं तर याची दलाली हातची जाणार, हे बाजारातल्या पोरासोरांनाही दिसत होतं.

आकाराम सांगलीला गेला. तिथला व्यापारी गल्ल्यावरून न उठताच म्हणाला, "मिळतील की. पण माप वेगळं म्हणजे कारखान्यातनं कापून आणायला लागतील. हजारच्या खाली कोण कापत न्हाई."

"हजार? अवं, एक चाक हाय माझं! मालगाडी बांधाय न्हाई निघालो. छत्तीस तारा द्या."

"मग न्हाई जमायचं."

साताऱ्याला भारी सायकलींचं काचेचं दुकान होतं. तिथं तारा मिळत होत्या, सुट्ट्याही मिळत होत्या. पण भाव ऐकून आकारामनं विचारलं, "चांदीच्या हायत व्हय?" विकणारा गोड हसून म्हणाला, "इम्पोर्टेड आहेत, काका." तेवढ्या पैशात बिराप्पाची आख्खी गाडी नवी झाली असती. वैतागून स्टँडवर आला तर आष्ट्याकडची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली.

मग लांब तारा कापून टोकाला आटे पाडून बघितले. पान्यानं जरा आवळलं की आटे साफ! शेवटी त्यानं पाना भिंतीवर भिरकावला. त्याची बायको राहीबाई आतनं ओरडली, "आवं, भित्तीनं काय घोडं मारलंय तुमचं? दोन घास खावा आधी!" पण घास कुठला उतरतोय?

तासगावचा द्राक्षबागायतदार वीरधवल एकदा आकारामच्या दुकानात चाकात हवा भरायला थांबला. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आकारामअण्णा, माझ्या मांडवाची उरलेली तार न्या की. फुकट घ्या. सगळी बाग तोलती ती, तुमचा बिराप्पा तोलंना व्हय?"

तार मऊ आहे, हे बोटांना हातात घेताक्षणीच कळलं होतं. पण वैतागलेला माणूस बोटांचं कशाला ऐकतोय? आकारामनं तुकडे पाडले, टोकं वाकवली, आटे पाडले आणि चाक बांधलं. फिरवून बघितलं तर चाक अगदी सरळ! त्यानं शीळ घातली. बाजाराच्या दिवशी सकाळी बिराप्पाला गाडीवर बसवला आणि स्वतः मागं मागं चालत निघाला.

मांडवाची तार एका जागी उभी राहून भार घेते. चाकात तिला दर फेऱ्याला हिसका. बाजाराच्या तोंडाशी गतिरोधक आला, गाडी त्यावर चढली, आणि चाकाची जिलेबी झाली. बिराप्पा कडब्याच्या पेंढ्यांवर जाऊन पडला. लागलं काही नाही, पण बाजार खदाखदा हसला. दुसऱ्या दलालानं तर टाळी दिली शेजाऱ्याला.

आकारामनं त्याला बसता केला आणि मग आकारामचाच तोल सुटला. "च्यायला त्या तारंच्या! सांगली झाली, सातारा झाला, तासगाव झालं! गड्या, मी तुज्यासाठी जिवाचं रान करतोय आन्..."

"माज्यासाठी?" बिराप्पाच्या केसांत कडबा अडकला होता आणि डोळे लाल झाले होते. "मोटार पायजे म्हून मी कवा म्हनलो रं तुला? इचारलं हुतंस मला?"

आकाराम त्याच्या केसांतला कडबा काढायला वाकला, तसा बिराप्पानं त्याचा हात बाजूला सारला.

"उभ्या जन्मात मला एकच गोष्ट धड जमती, हातानं गाडी ओढायची. हे खांदं त्यानंच ऱ्हायल्यात. तू पेढं वाटीत हुतास, लय खुशीत हुतास, म्हून गप बसलो. आता बघ, पोतं झालंय माजं. कुनीबी उचलतंय आन् कुठंबी टेकवतंय."

छत्तीस तारांसाठी आकारामनं एवढे खेटे घातले, एवढ्या लोकांना विचारलं. ज्याची गाडी होती, त्याला तेवढं विचारायचं राहिलं होतं.

"साधं चाक घालू?" तो कसाबसा म्हणाला.

"घाल की. त्याच्या तारा कुठंबी मिळत्यात."

कुठंही कशाला, त्याच्याच दुकानात खिळ्याला जुडगे लटकत होते. दुपारपर्यंत नवं चाक बांधून झालं, हाताची पायडलं आणि साखळी पुन्हा चढली. मोटारीचं चाक दुकानाच्या कोपऱ्यात पडून राहिलं. बाजार अजून उठला नव्हता. बिराप्पा चढून बसला, दोन्ही हातांनी पायडलं धरली आणि त्याचं तोंड एकदम फुललं.

आकारामला वाटलं, सीट जरा उचलावी, ऐटीत दिसेल गडी. पाना घेऊन तो खाली वाकलासुद्धा. मग थांबला.

"बिराप्पा, सीट जरा वर घिऊ का? का ऱ्हाऊ दे अशीच?"

बिराप्पानं वळून त्याच्याकडं बघितलं.

"घे की वर," तो म्हणाला. "धा-बारा वर्सं झाली, गुडगा दांडीला घासतोय."